वाढपी की गुरू? : प्रेषितांच्या कृत्यांतील सात सेवकांची निवड

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा सहावा अध्याय आपल्या कानांवर पडतो तो बहुधा नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संत स्तेफनच्या सणाला. परंतु त्या दिवसाचे वाचन आठव्या वचनापासून सुरू होते. आधीची सात वचने बाहेर राहतात. रविवारच्या मिस्सामध्ये ती तीन वर्षांतून एकदा, पुनरुत्थानकाळाच्या पाचव्या रविवारी येतात. परिणामी संत स्तेफन आपल्याला रक्तसाक्षी म्हणून परिचित आहे. तो मुळात कोणत्या कामासाठी निवडला गेला, कोणी निवडला आणि ही निवड करण्याची वेळ का आली, हे प्रश्न आपल्या मनात क्वचितच उभे राहतात.

या सात वचनांचा साहित्यकृती म्हणून बारकाईने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विचार हिंगोली जिल्ह्याच्या भूमीवर बसून करण्यात एक औचित्य आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने मानलेले नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांना गुरू भेटला ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. धार्मिक नेतृत्व म्हणजे काय, कच्चा माणूस कोणता आणि पक्का कोणता, याविषयीची मराठी मनाची एक ठाम कल्पना या दोन गावांभोवतीच्या कथांनी घडवली आहे. ती कल्पना आणि संत लूकची कथा शेजारी ठेवली, म्हणजे दोन्हींचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

तक्रारीतून जन्मलेली सेवा

कथेचा आरंभ एका कुरबुरीने होतो. जेरुसलेममधील शिष्यांची संख्या वाढत होती. त्यांच्यात दोन गट होते: एक स्थानिक, इब्री किंवा अरामी बोलणारा, दुसरा परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या ग्रीकभाषक यहुद्यांचा. दररोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी दुसऱ्या गटाची तक्रार होती. येथे लूकने योजलेले ग्रीक क्रियापद अर्थपूर्ण आहे. त्याचा धात्वर्थ पाहता पाहता नजर पुढे सरकणे, समोर असलेल्याला ओलांडून पाहणे असा आहे. विधवांना कोणी हाकलून दिले नव्हते. त्या पंगतीत बसलेल्याच होत्या. वाढणाऱ्याचा हात तेवढा त्यांच्या पानापाशी थांबत नव्हता.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. वाढपी ओळखीचा असेल तर पंगतीच्या टोकाला बसले तरी चालते, असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात विनोद आहे, तसाच एक जुना सामाजिक अनुभवही आहे. पंगतीत कोण कोठे बसतो, कोणाच्या पानात काय पडते, यावरून आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या माणसाची किंमत ठरवली. मराठवाड्यातील आपला ख्रिस्ती समाज बहुतांशी ज्या वस्त्यांतून आला, त्या वस्त्यांना तर पंगतीच्या टोकाची जागाही नव्हती. म्हणून जेरुसलेमच्या त्या विधवांचे मूक दुःख आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. लूकने त्यांच्या तोंडी एकही वाक्य घातलेले नाही. तक्रार त्यांच्या वतीने त्यांचे लोक करतात, आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक मोठी घटना या तक्रारीतून घडते. सेवकांची निवड कोणाच्या मोठेपणाची पावती म्हणून झाली नाही. कोणीतरी उपाशी राहत होते, म्हणून ती झाली.

प्रेषितांच्या उत्तरातील अडचण

बारा प्रेषित सर्व शिष्यांना एकत्र बोलावतात आणि सांगतात की, देवाच्या वचनाचे काम सोडून आम्ही पंगतीच्या सेवेत गुंतणे बरोबर होणार नाही. तुमच्यातून सात जण शोधा, आम्ही त्यांना या कामावर नेमू आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांत राहू.

चिकित्सक वाचकाला येथे अडखळायला होते. याच लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाचा प्रसंग रंगवला आहे. आपल्यात मोठा कोण, असा वाद शिष्य घालतात. तेव्हा प्रभू त्यांना विचारतो की पंगतीला बसणारा मोठा की वाढणारा, आणि स्वतःला तो वाढणाऱ्याच्या जागी ठेवतो. ज्या गुरूने स्वतःला वाढपी म्हटले, त्याचेच शिष्य काही काळाने पंगत हे आपले काम नव्हे असे म्हणू लागतात, हा विरोधाभास लूकसारख्या सावध लेखकाच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

त्याचे उत्तर त्याने शब्दयोजनेत दिले आहे. ‘दियाकोनिया’ म्हणजे सेवा हा शब्द या उताऱ्यात पंगतीच्या संदर्भात येतो आणि वचनाच्या संदर्भातही येतो. रोजचे वाटप ही दियाकोनिया, आणि प्रेषितांचे प्रवचन हीही दियाकोनियाच. दोन कामांसाठी एक उच्च आणि एक हलका असे दोन शब्द त्याने वापरले नाहीत. शिवाय निवडलेल्या सात जणांना जी वागणूक मिळते ती पाहावी. अन्नवाटपाची व्यवस्था लावण्यासाठी एखादा कारभारी नेमून भागले असते. येथे मात्र सर्व समुदाय एकत्र येतो, प्रार्थना होते, डोक्यावर हात ठेवले जातात. प्रेषितांनी पंगत दुसऱ्यांच्या हाती सोपवली हे खरे. परंतु सोपवताना त्यांनी हातातल्या पळीला वेदीइतके गांभीर्य दिले, हेही तितकेच खरे.

या सात जणांना लूक ‘दियाकोनोस’, म्हणजे डीकन, ही पदवी कोठेही देत नाही. पुढे संत इरेनियस यांच्यासारख्या दुसऱ्या शतकातील लेखकांनी त्यांना पहिले डीकन मानले आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेने तो अर्थ स्वीकारला. लूकच्या लेखणीत मात्र पद अजून नाव घेऊन स्थिरावलेले नाही. काम आधी आले, माणसे नंतर आली आणि पदाचे नाव सर्वांत शेवटी आले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आज तो अनेकदा उलटा झालेला दिसतो.

सात नावे

स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव: ही सातही नावे ग्रीक आहेत. बारा प्रेषितांतही अंद्रेया आणि फिलिप ही ग्रीक नावे होती, तेव्हा केवळ नावांवरून अंतिम निर्णय देता येत नाही. तरीही सातपैकी सात नावे ग्रीक असावीत हा योगायोग मानणे कठीण आहे. शेवटचा निकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. तो धर्मांतर करून यहुदी झालेला होता. म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्यातूनच वाढपी निवडले गेले. बहुसंख्य गटाने आपली चार आणि तुमची तीन असा हिशेब केला नाही. त्यांनी सगळी पळीच तक्रारदारांच्या हाती दिली, आणि आपल्या विधवांचे अन्नही त्यांच्यावर सोपवले. या वचनांत नुसती दया असती तर स्थानिक गटाने दोन भाकरी जास्त वाढल्या असत्या. येथे अधिकार वाटला गेला आहे.

यापुढची गंमत अशी की, या सातांपैकी एकालाही लूक प्रत्यक्ष वाढताना दाखवत नाही. स्तेफन लगेच सभास्थानांत वाद घालताना दिसतो आणि ग्रंथातील सर्वांत दीर्घ भाषण करून प्राण देतो. फिलिप शोमरोनात सुवार्ता सांगतो, इथिओपियाच्या राणीच्या खजिनदाराला बाप्तिस्मा देतो, आणि पुढे एकविसाव्या अध्यायात कैसरियात संदेश सांगणाऱ्या आपल्या चार मुलींसह पाहुणचार करणारा गृहस्थ म्हणून भेटतो. प्रेषितांनी आखलेली पंगत आणि वचन यांची वाटणी कथा स्वतःच मोडून टाकते. ज्याला खऱ्या अर्थाने सेवा सोपवली जाते, त्याच्या सेवेला नंतर कुंपण घालता येत नाही, हे लूकने विधान न करता केवळ कथानकातून सांगितले आहे.

गोरोबांचे थापटणे

निवडीसाठी प्रेषितांनी तीन अटी घातल्या: लोकांत नाव चांगले असावे, आत्म्याने परिपूर्ण असावेत, शहाणपण असावे. यांतील पहिली अट लोकांनीच पारखायची आहे, कारण माणसाचे नाव चांगले की वाईट हे त्याच्या शेजाऱ्यांखेरीज कोण सांगणार?

येथे नामदेवांच्या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेरच्या गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याविषयी विचारले आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर ते थापटून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि मडके कच्चे ठरले. पुढे विठ्ठलाच्या सांगण्यावरून ते विसोबा खेचरांकडे औंढ्याला गेले. तेथे पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी त्यांना देव नाही अशी जागा दाखवायला सांगितले, आणि अहंकार गळाला. विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून ज्याची ख्याती झाली होती, त्यालाही सोबत्यांच्या मंडळीत परीक्षेला बसावे लागले. आणि परीक्षा सुचवली ती मंडळीतल्या सर्वांत धाकट्या मुलीने. ही कथा ख्रिस्ती वाचकानेही आदराने वाचावी अशी आहे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेचा आग्रह याहून फार निराळा नव्हता. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सेवकांची आधी पारख व्हावी आणि मगच त्यांनी सेवा करावी असे सांगितले आहे; पाचव्या अध्यायात कोणावरही उतावळेपणाने हात ठेवू नयेत अशी ताकीद आहे. इस्तंबूल येथे 1873 मध्ये हस्तलिखित सापडलेल्या आणि 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन पुस्तिकेचा पंधरावा अध्याय तर लोकांनाच उद्देशून आहे: सौम्य, पैशाचा लोभ नसलेले, सत्यनिष्ठ आणि पारखलेले असे अध्यक्ष व सेवक तुम्ही आपल्यासाठी निवडा, असा त्याचा आशय आहे.

तथापि दोन परंपरांतील भेदही झाकून ठेवू नये. औंढ्याच्या कथेत शिष्य गुरूच्या शोधात जातो. गुरूला कोणी निवडलेले नसते, त्याच्या अनुभवातच त्याचा अधिकार असतो. जेरुसलेमच्या कथेत समुदाय आपल्यातून सेवक शोधतो आणि प्रेषित त्याच्यावर हात ठेवतात. येथे अधिकार दोन ठिकाणांहून येऊन एका माणसात भेटतो: खालून लोकांची साक्ष आणि वरून प्रेषितांचे हात. दोहोंपैकी एक गळाले की उरतो तो एक तर स्वयंघोषित पुढारी, नाही तर लादलेला अधिकारी.

शतकांचा अनुभव

हा समतोल पुढे बराच काळ टिकला. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला लिहिलेल्या संत क्लेमेंट यांच्या पत्रात, प्रेषितांनी आणि नंतर इतर मान्यवरांनी साऱ्या ख्रिस्तसभेच्या संमतीने सेवक नेमले, असे म्हटले आहे. हिप्पोलितस यांच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात महागुरूची निवड सर्व लोकांनी करावी, रविवारी लोक जमावेत आणि उपस्थित महागुरूंनी त्याच्यावर हात ठेवावेत, असा विधी सांगितला आहे. पाचव्या शतकात पोप लिओ महान यांनीही हेच तत्त्व मांडले, की जो सर्वांच्या वर राहणार त्याला सर्वांनी निवडलेले असावे. 374 मध्ये मिलान शहरात अद्याप बाप्तिस्माही न झालेल्या अंब्रोज नावाच्या प्रांताधिकाऱ्याला लोकांनी एकमुखाने महागुरू निवडले. तो पुढे ख्रिस्तसभेचा महान आचार्य झाला.

परंतु लोकांनी निवडले की सारे शुद्धच होते, अशी भाबडी समजूत करून घेण्याचे कारण नाही. 366 मध्ये रोममध्ये दामासस आणि उर्सिनस यांच्या समर्थकांत दंगल उसळली आणि एका बासिलिकेत एका दिवसात 137 मृतदेह सापडले, असे आम्मियानस मार्सेलिनस या समकालीन इतिहासकाराने नोंदले आहे. जेथे विधवा विसरल्या जातात आणि फक्त खुर्ची आठवते, तेथे मतदान आणि नेमणूक या दोन्ही पद्धती सारख्याच नासतात.

दिवाडीचा मातेउस

आपल्या भूमीवर या कसोटीचे काय झाले? गोव्याच्या दिवाडी बेटावर 1594 च्या सुमारास जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांचे उदाहरण बोलके आहे. स्थानिक असल्यामुळे गोव्यात त्यांना गुरुदीक्षेचा मार्ग मोकळा झाला नाही. ते रोमला गेले, तेथे त्यांना दीक्षा मिळाली, आणि 1637 मध्ये त्यांचा महागुरू म्हणून अभिषेक झाला. आदिलशाही मुलखासाठी त्यांची नेमणूक झाली आणि तेव्हा त्या राज्यात असलेल्या डिचोलीत त्यांनी ठाणे मांडले. लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेचे ते पहिले भारतीय महागुरू. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मनापासून कधीच मानला नाही. 1677 मध्ये रोममध्येच त्यांचा अंत झाला.

जेरुसलेमच्या गटाने ग्रीकभाषकांच्या हाती पळी दिली. गोव्याच्या सत्ताधाऱ्यांना ती स्थानिकाच्या हाती देववली नाही. तुलना येथेच थांबवली तर मात्र ती अपुरी राहील. 1653 मध्ये मातेउस यांनी पोर्तुगिजांविरुद्ध आपल्या लोकांना उद्देशून जे लिहिले, त्याचे नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’ असे होते. उपेक्षेचा दाह सोसलेल्या माणसाच्या नजरेतही आपल्या जातीपलीकडचा माणूस सहज येत नाही, याचा हा दाखला आहे. तक्रारदाराला पळी मिळाली तरी त्याने कोणाच्या पानाकडे पाहायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

शब्दांचा प्रश्न

आता आपल्या भाषेकडे वळू. नव्या कराराने नेतृत्वासाठी अगदी साधे शब्द घेतले: देखरेख करणारा, वडीलधारा, वाढपी. मराठी भाषांतरांनी त्यांना अध्यक्ष, वडील आणि सेवक असे प्रतिशब्द दिले, आणि ते योग्यच होते. परंतु कॅथॉलिक व्यवहारात मात्र आपण धर्मगुरू आणि महागुरू हे शब्द रूढ केले. प्रभूने मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात शिष्यांना गुरू म्हणवून घेऊ नका असे बजावले होते, हे स्मरले की या निवडीतला पेच जाणवतो.

या शब्दांवर बहिष्कार टाकावा, असे येथे सुचवायचे नाही. गुरू या शब्दाला मराठीत ज्ञानाची, वात्सल्याची आणि त्यागाची जी ऊब आहे ती सेवक या शब्दात नाही. सेवक म्हटले की आपल्याला एखाद्या कचेरीतला शिपाई आठवतो. तरीही शब्द मनाला वळण लावतात. गुरूपुढे शिष्य वाकतो आणि गुरूला प्रश्न विचारणे उद्धटपणा ठरतो. वाढप्याला मात्र पंगतीतला कोणीही हाक मारून सांगू शकतो की, इकडे आले नाही. जेरुसलेममध्ये ही हाक मारता आली, म्हणून ख्रिस्तसभा वाढली. अध्याय सहामधील सातवे वचन शिष्यांच्या वाढीची नोंद करते आणि ती या निवडीनंतर लगेच करते.

अध्यक्ष या शब्दाला अलीकडे आपल्या समाजात एक सुंदर संदर्भ प्राप्त झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि जानेवारी 2020 मध्ये ते संमेलन मराठवाड्यातच, उस्मानाबाद येथे, भरले. वसईच्या एका धर्मगुरूला साऱ्या मराठी सारस्वतांनी आपला अध्यक्ष मानले, ते त्याने भाषेची आणि हरित वसईच्या चळवळीतून भूमीची सेवा केली होती म्हणून. पद कामाच्या मागून आले. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. सेवेतून येणारे अध्यक्षपण कसे असते याचे एक उदाहरण मात्र त्यांनी मागे ठेवले.

आपल्या हाती उरलेले

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1964 मध्ये डीकनपद कायमस्वरूपी सेवा म्हणून पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी केली, आणि 1967 मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचे नियम घालून दिले. आज मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित डीकन सेवा करीत आहेत. मराठवाड्यात, 1977 मध्ये अमरावतीपासून वेगळ्या झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात, जेथे ख्रिस्ती कुटुंबे दूरदूरच्या गावांत विखुरलेली आहेत, तेथे या सेवेचा विचार गांभीर्याने व्हावा, असे सहावा अध्याय वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या फीबेला संत पौलने हाच ‘दियाकोनोस’ शब्द लावला आहे. त्या शब्दाचा नेमका अर्थ काय यावर विद्वानांत आणि ख्रिस्तसभेतही चर्चा चालू आहे. परंतु आपल्या वस्त्यांत आजाऱ्याच्या उशाशी आणि विधवेच्या दाराशी सर्वांत आधी कोण पोहोचते, हे आपल्याला ठाऊक आहे.

लोकांची साक्ष घेण्याची ती प्राचीन रीतही अगदीच लोपलेली नाही. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवारांना पुढे बोलावल्यावर, हे योग्य आहेत याची खात्री आहे काय, असे महागुरू आजही विचारतात. आणि ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केली असल्याची ग्वाही त्यांना दिली जाते. ‘ख्रिस्ती लोक’ म्हणजे आपणच. दीक्षेपूर्वी उमेदवाराचे नाव त्याच्या धर्मग्रामात वाचले जाते, तेव्हा बहुतेक वेळा मिस्सा संपत आलेली असते, चपला शोधल्या जात असतात आणि आपण ते नाव लग्नाच्या पुकाऱ्यांइतकेही लक्ष देऊन ऐकत नाही. धर्मग्राम परिषदेच्या निवडीतही आपण बोलक्या माणसाकडे बोट दाखवून मोकळे होतो. वस्तीच्या टोकाच्या घरातून कोणी आले आहे का, हे पाहायचे राहून जाते. मग सेवक चांगले मिळत नाहीत म्हणून हळहळतो.

जेरुसलेमच्या लोकांनी प्रेषितांपुढे सात माणसे आणून उभी केली. शोधण्याचे काम त्यांचे होते आणि त्यांनी ते केले. सहाव्या अध्यायातील ती वाट बघणारी विधवा अजून पानावर बसलेली आहे. तिच्यापर्यंत पोहोचेल असा हात आपल्यापैकी कोणाचा, हे ओळखून सांगणे आपल्याकडे आहे. त्याच्यावर हात ठेवणे हे त्यानंतरचे काम.